आईचा हात दिसता कामा नये

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे आणि खिडकीचा तर नव्हेच. पासपोर्टचा फोटो काढताना माणसाच्या पाठीमागे टांगतात ना, तो पांढरा कपडा. आजवर कित्येक माणसं माझ्याकडे पाठ करून बसली आणि मी निमूटपणे बघत राहिलो. आता बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही. ज्यांना गोड ऐकायचंय त्यांनी इथूनच उठावं.

गिरणीतल्या एका लांबलचक ताग्यात माझा जन्म झाला. माझी भावंडं नशीबवान निघाली. कुणी पलंगपोस झालं, कुणी उशीचा अभ्रा, एकजण तर म्हणे दवाखान्यात खाटांच्या मध्ये आडोसा म्हणून लागला. मला उचललं एका फोटो स्टुडिओच्या मालकानं. दुकान परदेशातलं, व्हिसा ऑफिसच्या अगदी समोर. मालक मात्र आपलाच, आपल्याच भाषेत चिडणारा. त्यानं मला कोपऱ्यात दांडीला अडकवलं, पुढे एक गोल स्टूल ठेवलं आणि बजावलं, "सुरकुती पडता कामा नये."

तिथे मला नियम कळले. हसायचं नाही. मान तिरकी नको. दोन्ही कान दिसले पाहिजेत. मागे सावली पडली की फोटो बाद. माणूस आहे आणि त्याला सावली नाही, असा फोटो लागतो या लोकांना! सावली नसते भुतांना. पण हे कुणी कुणाला सांगायचं?

माणसं घरून नटूनथटून येत. बायको नवऱ्याची कॉलर नीट करी, केसांवरून हात फिरवी, मग मालक "बाजूला व्हा" म्हणाला की चोरी पकडल्यासारखी मागे सरके. "हसू नका" म्हटल्याबरोबर नेमकं हसू फुटायचं. मालक वैतागायचा. मला ते हसू आवडायचं, पण माझी आवड विचारतो कोण?

काही वर्षांनी दुकानात एक नवा माणूस लागला. लग्नाच्या, घरगुती समारंभांच्या फोटोंवर कॉम्प्युटरवर हात फिरवायचा, हे त्याचं काम. नवरीच्या गालावरची पुटकुळी घालव, सासऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालव, मागे घुसलेला अनोळखी माणूस गायब कर. हात इतका सफाईदार की मालकानं त्याचं नाव डागपुसे ठेवलं. लोकांना ते आडनावच वाटायचं. "डागपुसे म्हणजे कुठले तुम्ही?" असं एका गिऱ्हाइकानं अगदी आपुलकीनं विचारलं होतं.

पासपोर्टच्या फोटोंना मात्र त्याला हात लावू देत नसत. "जे तोंड आहे ते तोंड," मालक म्हणायचा. "व्हिसाच्या फोटोत आपण देवाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही."

डागपुसेची बायको दातांच्या लॅबमध्ये होती. कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवायची. डागपुसे तिला लाडानं बाईसाहेब म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायची आणि समोरच्या माणसाच्या दातांकडे टक लावून बघायची. "अहो, ते गेले ना आत्ता, त्यांचा वरचा एक आमच्याकडचाच आहे. किंचित पिवळा घ्यायला हवा होता," असं सांगायची. शिक्षण तिचं जास्त, पगार तिचा जास्त, आणि या देशात राहायचा परवानाही तिचाच वजनदार. तिला कुटुंब आणायची मुभा होती. डागपुसेचा परवाना हलका. या, काम करा, बायकापोरं विसरा, असा.

एके दिवशी ती डबा न घेताच आली. स्टुलावर बसली आणि डागपुसेच्या कानात काहीतरी म्हणाली. तो उठला, बसला, पुन्हा उठला आणि त्यानं माझ्या दांडीवर डोकं आपटून घेतलं. मूल होणार होतं.

आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. कारण शेजारच्या गाळ्यातले व्हिसाचे सल्लागार दुकानात आले. चांगला माणूस, पण त्यांच्या तोंडून आजवर कधी एक सरळ वाक्य निघालेलं मी ऐकलं नाही.

"अभिनंदन!" ते म्हणाले. "आता बघा, मार्ग आहेत. नाहीत असं नाही."

"सांगा ना," डागपुसे म्हणाला.

"एक म्हणजे वहिनींनी घरी जायचं, माहेरी बाळंत व्हायचं. पण ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त बाहेर राहिल्या तर परवाना रद्द. आणि बाळंतीण काही आठवड्यात उठून विमानात बसत नाही."

"दुसरं?"

"इथेच होऊ दे. पण इथे जन्मलं म्हणून मूल इथलं होत नाही हां. त्याला आधी आपल्या देशाचा पासपोर्ट, मग इथला डिपेंडंट व्हिसा. तोही मुदतीत. मुदत टळली तर बाळाचं इथे राहणं बेकायदेशीर."

बाईसाहेबांनी नकळत पोटावर हात ठेवला. "म्हणजे जन्मायच्या आधीच गुन्हेगार?"

"तसं नाही हो. तुमच्या नावावर मिळेल ना व्हिसा. यांच्या नावावर मिळणार नाही, तुमच्या मिळेल. फक्त पगार पूर्ण हवा."

"आणि आईला बोलावून घेतलं तर? बाळंतपणाला?"

बाईसाहेबांच्या आईसाठी पाहुण्यांचा व्हिसा मागितला. तो नाकारला, आणि कारण ऐकून माझ्या धाग्याधाग्याची आग झाली. अर्जात त्या माउलीनं खरं लिहिलं होतं, लेकीच्या बाळाला सांभाळायला येतेय म्हणून. ऑफिसचं म्हणणं, मूल सांभाळणं हे काम आहे आणि पाहुण्यांना काम करायची परवानगी नाही. घरोघरच्या बायका जन्मभर राबतात तेव्हा "तुम्ही काय करता, घरीच असता ना?" असं विचारणारं हेच जग. त्या कामाला पहिल्यांदा काम म्हटलं, तेही एका आजीला दारातून हाकलण्यासाठी! खोटं लिहिलं असतं, की तुमच्या देशातले बगीचे बघायचेत, तर पायघड्या घातल्या असत्या.

मुलगी झाली. डागपुसे तिला ठकी म्हणायला लागला. खरं नाव ठेवलं होतं, पण ते कागदावर. डाव्या भुवईच्या वर तिला एक लालसर जन्मखूण होती, चिंचोक्याएवढी. डागपुसे ती सगळ्यांना दाखवायचा, स्वतः काढल्यासारखी.

मग पासपोर्टसाठी तिचा फोटो काढायची वेळ आली, आणि इथून पुढचं नीट ऐका.

चार दिवसांची पोर. मान धरत नाही, बसणार कुठून? पण नियम मोठ्यांना तेच तान्ह्यांना. डोळे उघडे, तोंड बंद, नजर समोर. आणि एक खास नियम: आईचा हात दिसता कामा नये. मला हे लिहिणारा माणूस बघायचाय. तो काय जन्मल्या जन्मल्या उभा राहून नोकरीला गेला होता?

मालकानं मोठ्या मनानं त्या दिवशी कॅमेरा डागपुसेच्या हातात दिला. "तुझी पोर, तूच काढ."

मला दांडीवरून सैल सोडलं. बाईसाहेब स्टुलावर बसली. टाके ओले होते, बसताना तिनं ओठ दाबून धरले. मग मला तिच्या डोक्यावरून पांघरलं, पार पायांपर्यंत. जिवंत बाई पांढऱ्या कपड्याखाली झाकली. तिनं आतून माझ्यासकट हात पुढे केले आणि पोरीची मान आणि पाठ धरली. मी मध्ये होतो. एका बाजूला आईचे तळवे, दुसऱ्या बाजूला ठकीची ऊबदार, ओलसर मान. आत बाईसाहेबांचा श्वास कोंडत होता आणि ती पुटपुटत होती, "बघ बाबाकडे, बघ गं सोने, एकदाच बघ."

पोर बाबाकडे बघायला तयार नव्हती. ती मागे मान वळवून मला हुंगत होती. आवाज आई देत होती ना आतून! चाळीस-पन्नास वेळा कॅमेरा वाजला तेव्हा कुठे एक फोटो साधला. त्यात पोर होती, पांढरा कपडा होता आणि आई कुठेच नव्हती.

तो फोटो साधल्या साधल्या ठकीनं घटाघटा प्यालेलं सगळं माझ्यावर ओकलं. वरून आणि खालूनही. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. डाग पडलेला पडदा कुणाच्या कामाचा? डागपुसेनं घासूनपुसून पाहिलं, पण कपड्यावरचा डाग घालवायचं बटण त्याच्याजवळ नव्हतं. शेवटी मालक म्हणाला, "घेऊन जा तिच्यासाठीच. माझ्याकडून बाळंतविडा समज." असा मी नोकरीतून सुटलो आणि चौघडी घालून ठकीचं दुपटं झालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे तोंड करून झोपलं.

पण निघण्याआधी डागपुसे कॉम्प्युटरपाशी बसला. फोटोत ठकीच्या कानामागे कापड उचललेलं दिसत होतं. बोटांचा उंचवटा आणि त्याची बारीकशी सावली. ती राहिली असती तर फोटो बाद. त्यानं ती पुसली. आणि रोज शेकडो चेहऱ्यांवरून फिरणारा तो सफाईदार हात तसाच पुढे गेला, कानावरून कपाळाकडे, भुवईच्या वर. त्याला कळलंसुद्धा नाही. बापाला पोरीच्या चेहऱ्यात काही कमी दिसलंच नाही, कारण तो चेहरा त्याला पाठ होता. बाईसाहेब बाकावर डोळे मिटून टेकली होती.

तोच फोटो लावून पासपोर्ट आला. मग आम्ही समोरच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागे एक बाई होती, नेलपॉलिश फार नीट लावणारी. तिनं बाईसाहेबांचा पगार पाहिला आणि कागद परत सरकवले. पगार अर्धा का? तर बाळंतपणाची रजा. अर्ध्या पगारात मूल पोसता येत नाही, सबब व्हिसा नाही.

"पण रजा या बाळासाठीच आहे," बाईसाहेब म्हणाली.

"ते बरोबर आहे," खिडकी म्हणाली. "पूर्ण पगार सुरू झाला की या."

म्हणजे मुलीला जवळ ठेवायचं असेल तर तिला सोडून कामावर जा. काय डोकं आहे! बाईसाहेब गेली. अंग सावरलं नव्हतं, उभं राहिलं की कंबर धरायची, तरी गेली. लोकांच्या तोंडात दात बसवत राहिली. ठकी दिवसभर स्टुडिओत, गल्ल्यामागे टोपलीत, माझ्या घडीत. मालक कुरकुरायचा आणि गिऱ्हाईक नसलं की तिच्यापुढे टिचक्या वाजवत बसायचा. संध्याकाळी बाईसाहेब धापा टाकत यायची, तिचा सदरा पुढून ओला झालेला असायचा. ती पोरीला घ्यायची आणि दोघी एकमेकींवर तुटून पडायच्या. ते बघून मालकसुद्धा उठून बाहेर जायचा.

पूर्ण पगार झाला. मुदत संपत आली होती, तरी हातात होती. आम्ही पुन्हा खिडकीशी. नेलपॉलिशवाल्या बाईनं पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, ठकीकडे पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा ठकी.

"ही ती मुलगी नाही," ती म्हणाली.

डागपुसे हसला. त्याला थट्टा वाटली.

"फोटोत कपाळावर खूण नाही. हिला आहे."

डागपुसेनं पासपोर्ट हातात घेतला आणि त्याचे कान लाल झाले. "ती… ती माझ्याकडून पुसली गेली," तो म्हणाला. "मी तेच काम करतो हो. सवयीनं हात फिरला. मला फक्त आईचा हात पुसायचा होता."

"म्हणजे फोटोत फेरफार केला हे तुम्ही मान्य करता?"

झालं! प्रामाणिकपणे दिलेलं उत्तर तिनं तसंच्या तसं टाइप केलं. बाईसाहेबांनी पोरीला उचलून काचेला लावलं. "अहो, माझी आहे ही. बघा तरी. माझी नाही तर कुणाची आहे?" ठकीनं काचेवर लाळ गाळली. बाईनं ती आतून टिपायचा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की ती बाहेरून आहे.

सल्लागार आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाक्यं बोलले. नवा पासपोर्ट मुदतीत येणार नाही. फेरफाराचा शेरा पडलाय, मुदतवाढ मिळणार नाही. बाळाला देशाबाहेर न्यावं लागेल आणि तिथून नव्यानं अर्ज करावा लागेल.

"मी जाते हिला घेऊन," बाईसाहेब म्हणाली.

"तुम्ही गेलात आणि तुमचा परवाना गेला, तर ही कधीच परत येणार नाही. यांच्या नावावर मूल आणता येत नाही. तुम्ही इथे कामावर असाल तरच ते येऊ शकतं."

मग डागपुसे म्हणाला, "मी नेतो. माझा परवाना गेला तर गेला, असाही काय मोठे दिवे लावणार होता?"

"ती अंगावर पितेय रे," बाईसाहेब म्हणाली. एवढंच म्हणाली. मग तिनं त्याच्या छातीवर बुक्के मारले, त्याच्या सफाईदार हाताला नको नको ते बोलली, आणि शेवटी तोच हात घट्ट धरून बसली. मी त्याला दोष देत नाही. त्याला पुसायला लावलं कुणी? बोटांची सावली चालत नाही, हा शोध त्याचा नव्हता.

विमानतळावर आतल्या तपासणीला एका साहेबानं डागपुसेला थांबवलं. "मुलाची आई कुठे आहे? आईशिवाय तान्हं मूल कसं नेताय?" मला वाटलं, इतक्या दिवसांत कुणीतरी आईची चौकशी केली म्हणून डागपुसे आता दोन्ही हातांनी टाळ्या पिटेल. पण त्यानं गुपचूप संमतीपत्र दाखवलं आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाईसाहेबांकडे बोट केलं. तिच्या हातात मी होतो. निघताना तिनं मला पोरीखालून ओढून घेतलं होतं. पोर तेवढ्यानं रडायला लागली ती रडतच गेली.

पुढचे महिने मी बाईसाहेबांच्या खोलीत काढले. पहिले काही दिवस ती बेसिनपाशी उभी राहून दूध पिळून टाकायची. नळ सोडून ठेवायची, आवाज नको म्हणून. मग दूध आटलं. रोज फोनवर ठकी दिसायची, आजीच्या कडेवर, बाबाच्या खांद्यावर. एकदा आजीनं आनंदानं ओरडून सांगितलं, "अगं, दात आला!" बाईसाहेबांनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, दिव्याखाली नेला. दुसऱ्यांच्या दातांचे रंग जुळवण्यात जिचा हात धरणारा कुणी नाही, तिला लेकीच्या पहिल्या दाताचा रंग कळेना. फोन ठेवल्यावर तिनं मला तोंडात कोंबलं, कारण भिंतीपलीकडे लोक राहत होते.

ऑफिसनं सावकाश काम केलं. नवा फोटो मागवला, तो मंजूर केला, कुठलासा साहेब रजेवर होता तो परत येईपर्यंत कागद ठेवून दिले. शेवटी दोघांना बाईसाहेबांचे आश्रित म्हणून व्हिसा मिळाला. डागपुसेला इथे काम करायची बंदी. करेल काय, घरातल्या फरश्या पुसेल.

ती दोघं आली त्या दिवशी बाईसाहेबांनी मलाही पिशवीत घालून विमानतळावर नेलं होतं. दारातून डागपुसे आला. पोर त्याच्या खांद्यावर, जाड, गोल, चार दातांची. तो हसत सांगत होता, "साहेबानं फोटो पाहिला, हिला पाहिलं आणि म्हणाला, हो, तीच आहे."

बाईसाहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग बाबाच्या मानेत तोंड खुपसून जीव खाऊन किंचाळली. बाईसाहेबांनी मला पुढे धरलं, वासानं तरी ओळखेल म्हणून. तिनं मलाही ढकललं.

खिडक्यांमागच्या लोकांनो, तुम्हाला ओळख पटली. अभिनंदन तुमचं! आता त्या पोरीला पटवून द्या. लावा शिक्का. तुमच्या नियमात तान्ह्या मुलाला धरणारं कुणी नसतं, हे मी समजू शकतो, तुम्ही लाकडाचे आहात. पण हे ऐकणारी तुमच्यापैकी जी कुणी हाडामांसाची माणसं असतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बाळाचा अर्ज समोर आला, तर आधी त्याला कुणी धरलंय ते बघा. बाकीचं नंतर बघा.

मी आता जुना झालोय, मधून विरलोय. सध्या मला खोलीत जमिनीवर पसरलंय. एका टोकाला ठकी बसलीय, बाबाच्या मांडीला चिकटून, आणि दुसऱ्या टोकाकडे संशयानं बघतेय. दुसऱ्या टोकाला बाईसाहेब आहे. जवळ सरकली की पोर रडते, म्हणून ती सरकत नाही. सकाळपासून तिथेच बसून आहे, कामावरही गेलेली नाही.

"सावकाश ये गं," ती ठकीला सांगतेय. "तुला कसलीही मुदत नाही."